अठरा मैलांची वाट

कोल्हापूरहून नंदवाळला जाणारी वाट आमच्या भागातल्या वारकऱ्यांच्या पायाखालची आहे. आषाढीला ज्यांना पंढरपूर गाठणे होत नाही, घरात म्हातारे माणूस आहे, रोपलावण अर्धी राहिली आहे, ते या प्रतिपंढरपूरला दिंडीने जातात. पुईखडीला रिंगण होते, पुढे वाशी, मग नंदवाळचा विठोबा. याच वाटेवर वाशी येथे २ मे २०२३ रोजी नव्वदीला टेकलेल्या एका माणसाला अग्नी दिला गेला. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, डर्बनचा. उमेदीची तीस वर्षे मुंबईत गेली, उत्तरायुष्य अमेरिकेत, आणि देह ठेवला तो कोल्हापुरात. त्यांचे नाव अरुण मणिलाल गांधी. महात्मा गांधींचे नातू.

वर्तमानपत्रांनी बातमी दिली ती याच ओळखीने. ओळख खरी आहे, पण तिच्यातून फारसे काही कळत नाही. जमिनीचा वारसा असेल तर तलाठ्याकडे अर्ज करावा, सातबाऱ्यावर नाव लागते. अहिंसेचा वारसा कोणत्या कचेरीत नोंदवायचा? आपल्याकडे फडाची वीणा बापाकडून मुलाकडे येते. ती पहिल्यांदा गळ्यात अडकवून उभा राहिलेला तरुण मुलगा आपण सर्वांनी पाहिला आहे. लोक त्याच्या पायाला हात लावतात आणि तो संकोचतो, कारण नमस्कार बापाला आहे हे त्याला ठाऊक असते. त्याचा स्वतःचा सूर लागेपर्यंत दहा-वीस वर्षे जातात. काहींचा लागतच नाही. अरुण गांधींची गोष्ट सांगायची ती या अंगाने, आणि ती सांगायची तर आधी त्यांच्या वडिलांची सांगावी लागते.

मणिलाल हे गांधीजींचे दुसरे चिरंजीव, जन्म १८९२चा. डर्बनजवळ इनांडाच्या माळावर गांधीजींनी १९०४ साली शंभर एकर जमीन घेऊन फिनिक्स आश्रम वसवला. तिथे छापखाना आणला, ‘इंडियन ओपिनियन’ हे साप्ताहिक तिथून निघू लागले. मणिलाल तिथेच वाढले. त्यांना शाळा नाही, पदवी नाही. वडिलांच्या प्रयोगांत मुलांचे शिक्षणही एक प्रयोगच होते आणि त्याची किंमत मुलांनी दिली. महात्म्याच्या घरात जन्म घेणे ही काही सोपी गोष्ट नव्हे.

१९१४ साली कुटुंब हिंदुस्थानात परतले. १९१६ साली अहमदाबादच्या आश्रमात असताना मणिलालांनी एक चूक केली. थोरले बंधू हरिलाल अडचणीत होते. मणिलालांनी आपल्याकडे असलेले आश्रमाचे पैसे त्यांना दिले आणि ही गोष्ट वडिलांपासून लपवली. भावाच्या कळवळ्यातून झालेली चूक, पण गांधीजींच्या लेखी असत्य ते असत्य. त्यांनी मुलाला आश्रमाबाहेर काढले. तेवीस-चोवीस वर्षांचा तो तरुण मद्रासला गेला आणि पुढे लवकरच दक्षिण आफ्रिकेला परतला, तो जवळजवळ कायमचाच. १९२० पासून ‘इंडियन ओपिनियन’ त्यांनी चालवले ते मरेपर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे.

याच मणिलालांना १९२६ साली केपटाउनच्या एका मुस्लिम घरातल्या मुलीशी लग्न करायचे होते. वडिलांनी मोडता घातला. हे वाचताना मन अडखळते. ज्यांनी हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी प्राण पणाला लावले त्यांनी मुलाच्या बाबतीत असे का करावे, याची उत्तरे अभ्यासक देतात, पण ती सगळी पटतातच असे नाही. मणिलालांचे चरित्र त्यांच्याच नातीने लिहिले आहे. उमा धुपेलिया-मेस्त्री या इतिहासाच्या प्राध्यापक. पुस्तकाच्या नावाचा अर्थ ‘गांधींचा कैदी?’ असा होतो. पुढचे प्रश्नचिन्ह त्यांनी मोठ्या विचाराने घातले असावे. घरच्या माणसाने घरच्या देव्हाऱ्यापुढे उभे राहून असा प्रश्न विचारावा, हीसुद्धा सत्याची एक उपासनाच आहे.

पुढच्याच वर्षी, ६ मार्च १९२७ रोजी, मणिलालांचे लग्न झाले ते आपल्या वऱ्हाडात, अकोल्याला. वधू सुशीला, तिथल्या मश्रूवाला या गुजराती कुटुंबातली. गांधीविचाराचे भाष्यकार किशोरलाल मश्रूवाला हे तिचे काका. म्हणजे अरुण गांधींचे आजोळ अकोल्याचे. आजोबांची थोरवी इतकी मोठी की आजोळाकडे कुणाचे लक्षच गेले नाही. एकोणीस-वीस वर्षांची ती मुलगी अकोला सोडून आगबोटीने फिनिक्सच्या माळावर गेली, छापखान्यात टाइप जुळवायला शिकली, आणि नवऱ्यामागे तिने ते साप्ताहिक १९६१ पर्यंत चालवले.

१९३० साली मणिलाल हिंदुस्थानात आले होते. दांडीच्या यात्रेत ते वडिलांबरोबर चालले. मग २१ मेला धारासणाच्या मिठागरावर जी रांगेमागून रांग लाठ्या खायला पुढे गेली, तिच्या अगदी आघाडीला मणिलाल होते. हात वर न करता डोक्यावर लाठ्या घ्यायच्या, पडायचे, मागच्याने पुढे यायचे. मणिलालांनी त्या घेतल्या आणि पुढे तुरुंगवासही भोगला. त्याच वर्षी गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात बसून आपल्या तुकोबांच्या काही अभंगांचा इंग्रजी अनुवाद करत होते. बाप एका तुरुंगात आणि मुलगा दुसऱ्या तुरुंगात, असे ते दिवस होते.

या घरात १४ एप्रिल १९३४ रोजी अरुण जन्मले. मोठी बहीण सीता, धाकटी एला. फिनिक्सच्या चारी बाजूंना उसाचे मळे, वीज नाही, शेजार लांब. जवळच इनांडाला शेंबे नावाच्या झुलू सत्पुरुषाच्या संप्रदायाचे ठाणे आहे. त्या पंथाचे लोक दर जानेवारीत पांढरी वस्त्रे नेसून अनवाणी पायांनी आपल्या पवित्र डोंगराकडे जातात. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपली वारी जगात एकटी नाही हे कळले की बरे वाटते.

वर्णभेदाच्या त्या देशात दहा वर्षांच्या अरुणला एकदा गोऱ्या पोरांनी मारले, कारण त्यांच्या मते हा फार काळा. काही महिन्यांनी काळ्या पोरांनी मारले, कारण त्यांच्या मते हा फार गोरा. मुलगा पेटला. अंग कमवायचे आणि एकेकाला बघून घ्यायचे म्हणून वजने उचलू लागला. गांधींचा नातू सूड घेण्यासाठी दंड कमावतो आहे हे पाहून आईबाप चिंतेत पडले आणि १९४६ साली त्यांनी मुलाला वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला, आजोबांच्या हवाली केले. मुलगा बारा वर्षांचा.

पुढची दीड-दोन वर्षे हीच अरुण गांधींची खरी शिदोरी. देशाची फाळणी होत होती, नोआखली जळत होती, त्या धामधुमीतही आजोबा जवळ असले म्हणजे रोज काही वेळ या नातवासाठी राखून ठेवत. त्या काळातली पेन्सिलीची गोष्ट अरुण गांधींनी आयुष्यभर देशोदेशी सांगितली.

शाळेतून घरी येताना हातातली पेन्सिल झिजून बोटभर झाली होती. आता आजोबांकडे नवी मागू म्हणून मुलाने ती रस्त्याकडेला भिरकावली. संध्याकाळी त्याने नवी पेन्सिल मागितली. आजोबांनी हो-नाही न म्हणता चौकशी सुरू केली. जुनी कुठे आहे? का टाकलीस? कुठे टाकलीस? मग हातात बॅटरी देऊन म्हणाले, जा, शोधून आण. त्या अंधारात दोन-तीन तास गवत चाळून मुलाने तो तुकडा आणला. आजोबांनी जवळ बसवून समजावले ते असे : एवढीशी पेन्सिल करायलासुद्धा झाड लागते, माणसाचे कष्ट लागतात, ती फेकणे ही सृष्टीवरची हिंसा. आणि आपल्याला ऐपत आहे म्हणून आपण गरजेपेक्षा जास्त वापरतो, तेव्हा दुसऱ्या कुणाला काही मिळत नाही. ती माणसांवरची हिंसा.

मग हिंसेची वंशावळ काढायला लावली. भिंतीवर एक झाड. मूळ पुरुष हिंसा. तिची दोन अपत्ये. एक उघड हिंसा : मारहाण, खून, युद्ध. दुसरी छुपी हिंसा : तुच्छ लेखणे, वाया घालवणे, टोमणा, पंगतीतून उठवणे, कामाची मजुरी कमी देणे. रोज रात्री दिवसभरात पाहिलेले, केलेले आठवायचे आणि ज्या त्या फांदीवर लिहायचे. अरुण गांधी सांगत की उघड हिंसेची फांदी लवकरच थांबली, पण छुपीची भिंतभर वाढली. आजोबांचे म्हणणे असे की ही छुपी हिंसाच उघड हिंसेला सरपण पुरवते.

वाचक माउलींनो, आपणही कधी घरातल्या भिंतीवर असे झाड काढून पाहावे. मी एकदा पाटीवर काढायला घेतले. तीन दिवसांत पुसून टाकले. दिंडीत पुढे टाळ वाजवणाऱ्या माणसाच्या नावावर इतक्या फांद्या असाव्यात हे बघवेना.

रागाबद्दलही आजोबांचा पाठ असाच साधा होता. राग ही वीज आहे. नीट तारेतून नेली तर दिवा लागतो, नाही तर जीव घेते. राग आला की वहीत लिहायचे, पण मनातली गरळ ओकण्यासाठी लिहायचे नाही. ज्या प्रश्नावरून राग आला त्याचा मार्ग शोधण्यासाठी लिहायचे. पुढे २०१७ साली अरुण गांधींनी आजोबांच्या शिकवणीवर पुस्तक लिहिले तेव्हा त्याच्या नावातच राग ही देणगी आहे असे म्हटले. भांडखोर म्हणून ज्याला सेवाग्रामला आणून सोडले होते त्यानेच हे लिहावे, यात एक न्याय आहे.

३० जानेवारी १९४८ला मुलगा परत आफ्रिकेत होता. आजोबांच्या खुनाची बातमी ऐकून त्याला पहिल्यांदा काय वाटले? मारणाऱ्याचा गळा आवळावा असे. हे त्यांनी स्वतः सांगून ठेवले आहे. दोन वर्षांचे शिक्षण एका क्षणात पुसले गेले आणि आईवडिलांना ते पुन्हा सुरुवातीपासून द्यावे लागले.

आता ती अठरा मैलांची गोष्ट. माझ्या मते या घराण्याच्या वारशातली सर्वांत मोठी गोष्ट ही आहे, आजोबांच्या पेन्सिलीपेक्षाही मोठी.

अरुण सोळा वर्षांचे असताना एका सकाळी वडिलांना डर्बनमध्ये एका सभेला जायचे होते. मुलाने मोटारीतून त्यांना सोडायचे, दिवसभरात मोटार दुरुस्तीला द्यायची, आईने सांगितलेला बाजार करायचा आणि संध्याकाळी पाच वाजता ठरलेल्या ठिकाणी वडिलांना घ्यायचे. मुलाने कामे झटपट उरकली आणि सिनेमाला जाऊन बसला. एका तिकिटात दोन चित्रपट. वेळेचे भान राहिले नाही. धावतपळत पोचला तेव्हा सहा वाजत आले होते. वडिलांनी विचारले, उशीर का? सिनेमा पाहत होतो हे सांगायची लाज वाटली. मोटार तयार नव्हती, थांबावे लागले, असे त्याने ठोकून दिले. वडिलांनी आधीच गॅरेजला फोन करून विचारले होते.

मणिलाल रागावले नाहीत. ते म्हणाले ते साधारण असे : तुला वाढवण्यात माझे काहीतरी चुकले आहे, म्हणून मला खरे सांगण्याचा धीर तुला झाला नाही. काय चुकले याचा विचार करायला हवा, तेव्हा मी घरी चालत येतो. आणि ते चालू लागले. अंगात सभेचे कपडे, पायांत शहरी बूट. घर अठरा मैलांवर, म्हणजे सुमारे एकोणतीस किलोमीटर. अंधार पडलेला, रस्ता उसाच्या मळ्यांतून, पुष्कळसा कच्चा. मुलाने विनवणी केली, ते थांबले नाहीत. वडिलांना एकटे सोडून जाणे शक्य नव्हते. मग मुलगा मोटारीत बसून हळूहळू त्यांच्या मागून निघाला. साडेपाच तास. पुढे दिव्याच्या उजेडात चालणारी वडिलांची पाठ, आणि मागे चाकावर हात ठेवून रडणारा मुलगा.

आता १९१६ आठवावे. मणिलालही असेच खोटे बोलले होते आणि त्यांच्या वडिलांनी त्यांना घराबाहेर काढले होते. त्या शिक्षेचा सल त्यांच्या मनात किती होता कोण जाणे. पण आपल्या मुलावर ती पाळी आली तेव्हा त्यांनी मुलाला घराबाहेर घालवले नाही, स्वतः चालले, आणि मुलाला आपल्या मागे घरापर्यंत आणले. नियम बापाचाच ठेवला. असत्याला क्षमा नाही, त्याचे प्रायश्चित्त घडलेच पाहिजे. फक्त ते कुणी घ्यायचे एवढे त्यांनी बदलले. महात्म्यालाही हे उमगलेले होते, आश्रमातल्या इतरांच्या चुकांसाठी ते स्वतः उपवास करत. पण पोटच्या मुलाशी वागताना त्यांच्या हातून जे निसटले होते ते मुलाने आपल्या मुलाशी वागताना पुरे केले. वारसा चालवणे म्हणजे काय असे मला कुणी विचारले तर मी हा रस्ता दाखवीन. आपण चालणारी माणसे आहोत; माणूस काय काय मनात धरून चालतो ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

मणिलाल १९५६च्या एप्रिलमध्ये गेले. त्याआधी १९५२ सालच्या कायदेभंगात, साठीचे झाले असतानाही, जर्मिस्टन येथे काळ्यांच्या वस्तीत विनापरवाना शिरून त्यांनी पुन्हा अटक करून घेतली होती. ते फार मोठे पुढारी झाले नाहीत. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना एखादीच ओळ मिळते.

वडिलांनंतर अरुण हिंदुस्थानात आले. मुंबईत एका रुग्णालयात उपचारासाठी राहिले असताना सुनंदा या परिचारिकेशी ओळख झाली, १९५७ साली लग्न झाले. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने सुनंदाबाईंना देशात येऊ दिले नाही. आई आणि बहिणी तिकडे, बायको इकडे. ते मुंबईत राहिले, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त तीस वर्षे पत्रकारी केली. जोडीला नवरा-बायकोने सामाजिक काम आरंभले. रस्त्यावर टाकलेली मुले उचलून त्यांना घरे मिळवून दिली. गावाकडून मुंबईच्या फूटपाथवर येऊन पडलेल्या लोकांना रोज एकेक नाणे बाजूला ठेवायला लावले, आणि त्या पैशांतून जुने यंत्रमाग घेऊन त्यांच्याच गावात पत्र्याच्या शेडमध्ये बसवले.

त्या काळातली एक आठवण ते सांगत. मुंबईच्या बंदरावर ते कुणाला तरी घ्यायला गेले असता दक्षिण आफ्रिकेचा एक गोरा खासदार सपत्नीक उतरला. ज्या कायद्याने यांच्या बायकोला देशबंदी केली त्या कायद्याच्या बाजूचा हा माणूस. पहिला विचार आला तो त्याला समुद्रात ढकलून द्यावे असा! मग त्यांनी हात पुढे केला, स्वतःची ओळख दिली, तुमच्या सरकारमुळे मी इथे आहे असेही सांगितले, आणि आता तुम्ही आमच्या शहराचे पाहुणे आहात असे म्हणून दोघा नवरा-बायकोंनी त्या जोडप्याला काही दिवस मुंबई दाखवली. निरोप घेताना तो गोरा माणूस रडला. घरी जाऊन वर्णभेदाविरुद्ध बोलू लागला आणि पक्षातून हाकलला गेला. प्रत्येक वेळी असे फळ मिळत नाही हे अरुण गांधींनाही ठाऊक होते. मला या गोष्टीत मोलाचा वाटतो तो समुद्रात ढकलण्याचा विचार. तो लपवला असता तर ही गोष्ट कीर्तनातल्या दृष्टांतासारखी गुळगुळीत झाली असती.

१९८७ साली दोघे अमेरिकेला गेले आणि १९९१ मध्ये टेनेसी राज्यातल्या मेंफिस शहरात गांधीजींच्या नावाने अहिंसेची एक संस्था काढली. मेंफिस हे मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला ते शहर. तिथून अरुण गांधी शाळांत, तुरुंगांत, विद्यापीठांत बोलत फिरले. पेन्सिल, वीज, अठरा मैल, गोष्टी त्याच. काही जण म्हणत की हे आजोबांच्या नावावर जगतात. कीर्तनकारालाही आख्याने तीच तीच सांगावी लागतात, त्यामुळे या आक्षेपाचे मला फार वाटत नाही. सुनंदाबाई २००७ साली गेल्या. संस्था त्याच वर्षी रॉचेस्टरला गेली.

आणि २००८च्या जानेवारीत पाय घसरला. एका अमेरिकन वृत्तपत्राच्या चर्चेच्या पानावर लिहिताना त्यांनी हिंसेची संस्कृती पोसणाऱ्यांत इस्रायल आणि ज्यू लोक सर्वांत पुढे आहेत अशा अर्थाचे विधान केले. एका सरकारच्या धोरणावर टीका करणे वेगळे आणि एका अख्ख्या समाजाला दोष देणे वेगळे. त्यातून ज्यांच्या साठ लाख माणसांचा संहार झाला त्यांच्याविषयी हे बोलणे. गदारोळ झाला. ते भिंतीवरचे झाड आठवले तर हे वाक्य कोणत्या फांदीवर जाईल हे बारा वर्षांच्या अरुणनेही सांगितले असते. त्यांनी माफी मागितली, सगळ्या समाजाला गोवणे चूक होते असे म्हटले, आणि आपणच उभ्या केलेल्या संस्थेचा राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला. वय चौऱ्याहत्तरीच्या घरात, पत्नी जाऊन वर्ष होत आलेले, आणि जन्मभराचे काम हातातून गेलेले.

हा प्रसंग गाळून त्यांचे गुणगान करता आले असते, पण मग गोष्टच राहिली नसती. कारण त्यानंतरच त्यांचे पाय अधिकाधिक कोल्हापूरकडे वळले. वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या मुलांना सोडवून शिकवणारी ‘अवनि’ ही अनुराधा भोसले यांची संस्था कोल्हापुरात आहे. अरुण गांधींनी नवी, लहान संस्था काढली ती अशा मुलांच्या शिक्षणासाठी पैसा उभा करायला. परदेशी पाहुण्यांना गांधीजींची स्थळे दाखवायला आणत तेव्हा त्यांना कोल्हापूरच्या मुलांकडेही घेऊन येत. आठ-दहा वर्षांचे पोर उन्हात डोक्यावर कच्च्या विटा वाहते, ही कोणती हिंसा? तिथे कुणी कुणाला मारत नाही. सेवाग्रामच्या भिंतीवर जी छुपी फांदी वाढली होती, तिच्याच एका टोकाशी म्हातारपणी ते येऊन बसले.

इकडे फिनिक्समध्ये धाकट्या बहिणीचा वाटा अधिकच खडतर होता. एला गांधींवर १९७३ साली वर्णभेदी सरकारने बंदीहुकूम बजावला आणि पुढची आठ-नऊ वर्षे त्यांना घराच्या चौकटीत काढावी लागली. मुक्तिलढ्याच्या त्या वर्षांत त्यांच्या एका मुलाची हत्या झाली. १९८५च्या ऑगस्टमध्ये इनांडात दंगल उसळली आणि जमावाने फिनिक्स आश्रम जाळला. छापखाना, मणिलाल-सुशीला राहिले ते घर, सारे गेले. जाळणारे शेजारचेच, परिस्थितीने पिचलेले लोक होते. सुशीलाबेन १९८८ साली वारल्या. आश्रम पुन्हा उभा राहिलेला त्यांनी पाहिला नाही. तो उभा राहिला २००० साली. दरम्यान एलाताई १९९४ पासून दहा वर्षे स्वतंत्र दक्षिण आफ्रिकेच्या संसदेत होत्या. घरातल्या मारहाणीने पोळलेल्या बायकांसाठी त्यांनी काम केले, सर्व धर्मांच्या लोकांना एकत्र आणणाऱ्या मंडळींत राहिल्या, मिठाच्या सत्याग्रहाच्या स्मरणार्थ पायी यात्रा सुरू केली.

आणि तरीही २०२१च्या जुलैमध्ये, जवळच्याच ज्या भारतीय वस्तीचे नावही फिनिक्स आहे तिथे, लूटमारीच्या भीतीने लोकांनी नाकेबंदी केली आणि तिसाहून अधिक माणसे मारली गेली. मेलेले बहुतेक कृष्णवर्णीय. मारणारे आपल्यासारखी नावे लावणारे. एलाताई तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या. हयातभर जे केले ते उंबऱ्याशीच असे विसकटलेले पाहायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच शेजाऱ्यांशी बोलायला लागायचे, याला काय म्हणावे हे मला सुचत नाही. १९४८ला त्या सात वर्षांच्या होत्या. आजोबांकडून पेन्सिलीचा धडा घेण्याएवढा वेळ त्यांना मिळालाच नव्हता. त्यांनी जे घेतले ते आईकडून, त्या माळावर, टाइप जुळवणाऱ्या त्या अकोल्याच्या मुलीकडून.

अरुण गांधी शेवटचे काही आठवडे कोल्हापुरातच होते. ‘अवनि’च्या हणबरवाडीच्या जागेत, तिथल्या मुलांच्या सोबतीत राहिले. २ मेच्या सकाळी गेले आणि वाशीला नंदवाळच्या रस्त्यावर त्यांचे दहन झाले. मुलगा तुषार मुंबईहून आला. एला दूर डर्बनला.

त्या साली आषाढी २९ जूनला होती. पुईखडीचे रिंगण आटोपून आमची दिंडी वाशीवरून पुढे गेली. पाऊस उशिरा लागला होता, रस्ता अजून धुळीचाच होता. माझ्या पुढे एक बाप आपल्या पोराला हाताशी धरून चालला होता. पोर दमले होते आणि उचलून घ्या म्हणून हट्ट करत होते. बापाने उचलले नाही. त्याने आपली चाल कमी केली.